मजकूर वाचण्याची परीक्षा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, अभियांत्रिकीच्या क्रमिक पुस्तकांच्या ढिगांआड, बहुधा खालच्या फळीवर, जी. आर. ई.च्या शब्दसूचीची जाडजूड पुस्तके हमखास सापडतात. आणि त्यांतले कोणतेही एक उघडून पाहावे तर पूर्वीच्या मालकाने केलेल्या अभ्यासाची सारी हकीकत पेन्सिलीच्या खुणांवरून कळते. ‘अबेट’, ‘अबेरंट’, ‘अब्स्कॉन्ड’ या शब्दांखाली दुहेरी रेघा, समासात बारीक अक्षरात मराठी अर्थ, अवघड शब्दांभोवती तांबड्या शाईची चौकट. ‘बी’च्या पानांपर्यंत हा उत्साह बराचसा टिकलेला, ‘सी’मध्ये रेघा विरळ झालेल्या, आणि ‘डी’च्या पुढे पुस्तक कोरे करकरीत. विद्यार्थ्याचा धीर सुटला, एवढेच याचे कारण सांगण्याची वहिवाट आहे. पण धीर टिकवून जे शेवटच्या अक्षरापर्यंत पोचतात त्यांच्याही पदरी पुष्कळदा निराशाच येते, हे लक्षात घेतले म्हणजे कसूर चिकाटीत नसून अभ्यासाच्या दिशेतच आहे, असे म्हणणे भाग पडते. अमेरिकेतील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊ इच्छिणारे जी परीक्षा देतात, तिचा भाषाविषयक भाग म्हणजे शब्दांची पाठांतरस्पर्धा, हा समज एके काळी सर्वस्वी निराधार नव्हता. आज तो निराधार आहे, आणि तरीही वडिलोपार्जित मिळकतीसारखा तो थोरल्या भावाकडून धाकट्याकडे चालत येतो.

तो निर्माण कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. १९३६ साली कार्नेगी प्रतिष्ठानाने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या चार विद्यापीठांच्या सहकार्याने पदवीधरांना एकाच कसोटीवर घासून पाहण्याचा प्रयोग आरंभिला, आणि पुढे १९४७ साली स्थापन झालेल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेकडे, म्हणजे परीक्षार्थींच्या बोलण्यातल्या ई. टी. एस.कडे, तिचा कारभार आला. कित्येक दशके या परीक्षेच्या शब्दविभागात दिलेल्या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द निवडा, किंवा अमक्या शब्दाचे तमक्याशी जे नाते तेच दुसऱ्या कोणत्या जोडीत आहे ते ओळखा, असे प्रश्न असत. विरुद्धार्थी शब्दाच्या प्रश्नाला ना वाक्य, ना संदर्भ. शब्द माहीत असला तर गुण, नसला तर कपाळाला हात. अशा व्यवस्थेत बॅरन्सच्या साडेतीन हजार शब्दांच्या यादीला धर्मग्रंथाची प्रतिष्ठा मिळाली यात नवल नव्हते. परंतु ऑगस्ट २०११मध्ये परीक्षेची पुनर्रचना झाली. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध हे दोन्ही प्रकार काढून टाकण्यात आले. गुणांची जुनी २०० ते ८०० ही मोजणी जाऊन १३० ते १७० अशी नवी आली. आणि जे प्रश्न उरले व जे नव्याने दाखल झाले त्या सर्वांत शब्द हा वाक्याच्या आतच भेटू लागला. परीक्षा बदलली, यादी मात्र बाजारात तशीच राहिली.

सप्टेंबर २०२३पासून तर हे सारे प्रकरण आणखी आटोपशीर झाले आहे. पूर्वी जवळजवळ पावणेचार तास चालणारी परीक्षा आता दोन तासांच्या आत संपते, आणि तिच्यातील शब्दविभागाच्या वाट्याला दोन खंड येतात: पहिल्यात १२ प्रश्नांना १८ मिनिटे, दुसऱ्यात १५ प्रश्नांना २३ मिनिटे. पहिला खंड कसा सुटला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, त्यामुळे आरंभीच्या प्रश्नांत केलेली घाई पुढे महागात पडते. चुकीच्या उत्तराला गुणवजावट मात्र नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार होय. गुणांच्या अर्थाबद्दलही एक खुलासा येथेच करून ठेवतो. गणिताच्या विभागात १६० मिळवणारा उमेदवार सर्व परीक्षार्थींच्या साधारण मध्यावर उभा असतो, आणि शब्दविभागात तेवढेच गुण मिळवणारा वरच्या पाचव्या हिश्शात जाऊन बसतो. तेव्हा आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या, गणितात हुकमी गुण घेणाऱ्या मुलांना इतरांपासून वेगळे ठरवील अशी जागा असलीच तर ती याच विभागात आहे. दुर्दैवाने अभ्यासाचा वेळही ते याच विभागाला सर्वांत कमी देतात, आणि देतात तो यादीला.

शून्यात बोलण्यापेक्षा एक नमुना हातात घेऊ. खरे प्रश्न अर्थात इंग्रजीत असतात, पण त्यांची घडण उलगडून दाखवण्यासाठी एक प्रश्न मी येथे मराठीत रचतो. ‘समीक्षकांनी त्या नाटककाराच्या उत्तरकालीन लेखनाला ______ ठरवले असले, तरी ज्या प्रसंगांना ते जुन्याची पुनरावृत्ती म्हणतात, ते बारकाईने पाहता त्याच्या पूर्वीच्या नाटकांतील गृहीतांनाच छेद देणारे आहेत असे दिसून येते.’ रिकाम्या जागेसाठी पर्याय पाच: दुर्बोध, प्रक्षोभक, चर्वितचर्वण, क्रांतिकारक, अपूर्ण.

ज्याने अभ्यास यादीवरून केला आहे तो एकेक पर्याय उचलून जागेत बसवून पाहू लागतो, आणि आश्चर्य म्हणजे जवळजवळ प्रत्येक पर्याय बसतो. समीक्षकांनी उत्तरकालीन लेखनाला दुर्बोध म्हणावे यात अशक्य ते काय? मराठी समीक्षेत तो शब्द इतका रुळलेला आहे की हात आपोआप त्याच्याकडेच जातो. ज्याला वाचण्याची सवय आहे तो मात्र पर्याय हाताने झाकून आधी वाक्यच वाचतो. वाक्याची बिजागरी ‘तरी’ या अव्ययात आहे, म्हणजे पूर्वार्धातले मत उत्तरार्धात खोडले जाणार. आणि खोडले जाणारे मत कोणते याची कबुली वाक्याने स्वतःच दिली आहे: ‘ज्या प्रसंगांना ते जुन्याची पुनरावृत्ती म्हणतात’. एवढे हाती आले की रिकाम्या जागी आपल्या पदरचा साधा शब्द घालावा, ‘तेच ते’ असा, आणि मगच पर्यायांवरचा हात काढावा. आता ‘चर्वितचर्वण’ हे उत्तर केवळ शक्य उरत नाही, ते अपरिहार्य होते. आणि ‘क्रांतिकारक’ हा पर्याय कोणासाठी पेरून ठेवला होता तेही कळते, कारण ‘तरी’कडे दुर्लक्ष करून वाक्याचा शेवटच तेवढा ज्याने धरला त्याच्या गळ्यात तो पडायचा होता. या साऱ्या व्यवहारात शब्दसंग्रहाचे काम शेवटच्या पायरीवर आले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ते काम आवश्यक आहे यात वाद नाही, कारण चर्वितचर्वण म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही तो तिथवर येऊन अडेल. पण त्याच्या आधीच्या पायऱ्या ज्याने चढल्याच नाहीत, त्याला साडेतीन हजार शब्दही तारू शकत नाहीत.

अशा वाक्यात कधी दोन आणि कधी तीन रिकाम्या जागा असतात. त्या सर्व बिनचूक भरल्या तरच गुण. दोन बरोबर आणि एक चूक यांना अर्धा गुण देण्याची तरतूद नाही. येथे पहिल्या जागेपासूनच आरंभ केला पाहिजे असा निर्बंध आपण स्वतःवर विनाकारण लादून घेतो. ज्या जागेभोवती पुरावा सर्वांत भक्कम असेल, मग ती शेवटची का असेना, तिच्यापासून आरंभ करावा, आणि तिथून मागे यावे. दुसऱ्या प्रकारात एकच रिकामी जागा, पर्याय सहा आणि निवडायचे दोन असतात; अट अशी की दोघांपैकी कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ सारखाच राहावा. यातली मेख अशी की परीक्षक वाक्यात मुळीच न बसणारी एक समानार्थी जोडी पर्यायांत सोडून देतात, आणि ज्याने यादी समानार्थी जोड्यांच्या हिशेबाने पाठ केली आहे तो जोडी दिसताच वाक्याकडे न पाहता ती उचलतो. उलट एखादा शब्द वाक्यात अगदी चपखल बसतो, पण उरलेल्या पाचांत त्याचा जोडीदारच नसतो. अशा एकट्याचा मोह निष्ठुरपणे आवरावा लागतो.

प्रश्नांपैकी सुमारे निम्मे उताऱ्यांवर असतात, आणि खरी परीक्षा तीच आहे असे माझे मत आहे. उतारे बहुधा एका परिच्छेदाचे, क्वचित लांब. विषय कधी सागरी जीवशास्त्र, कधी खगोलशास्त्र, कधी एखाद्या विस्मृत कादंबरीकर्त्रीचे मूल्यमापन. सायन्सच्या विद्यार्थ्याला कलाविषयक उताऱ्याचे भय वाटते. पण माझ्या पाहण्यात फसगत अधिक होते ती विज्ञानविषयक उताऱ्यात, कारण तेथे तो वाचायचे सोडून आठवू लागतो. हेही एका नमुन्यावरून पाहू.

‘बखरी घटनांनंतर पुष्कळ काळाने लिहिल्या गेल्या, आणि त्यांतील तारखा व सैन्याचे आकडे समकालीन पत्रांशी ताडून पाहता अनेकदा टिकत नाहीत, तेव्हा साधनचिकित्सेचा आग्रह धरणाऱ्या अभ्यासकांनी त्यांना दुय्यम स्थान दिले, हे उचितच झाले. तथापि बखरकाराने आकडा फुगवला तो कोणत्या ठिकाणी, कोणाच्या बाजूने आणि कोणत्या आश्रयदात्यासाठी, असे विचारू लागलो म्हणजे ती अविश्वसनीयता स्वतःच एक पुरावा ठरते: घडलेल्या घटनेचा नव्हे, तर ती घटना कशी स्मरली जावी अशी त्या पिढीची इच्छा होती, त्या इच्छेचा.’

प्रश्न: लेखकाने आकड्यांच्या चुकांचा उल्लेख कोणत्या हेतूने केला आहे? एक पर्याय म्हणतो, बखरी इतिहासलेखनात सर्वथा निरुपयोगी आहेत हे दाखवण्यासाठी. पहिले वाक्य वाचून जो थांबला त्याचे हे उत्तर, आणि ‘सर्वथा’ हा शब्द त्याच्या खोटेपणाची मोठी खूण. दुसरा म्हणतो, पूर्वीच्या अभ्यासकांचा निर्णय चुकीचा होता हे सिद्ध करण्यासाठी. पण लेखकाने तर तो ‘उचितच’ म्हटला आहे, आणि ‘तथापि’ दिसला की मागचे सारे नामंजूर झाले असे समजणाऱ्या उतावळ्या वाचकासाठी हा सापळा आहे. तिसरा म्हणतो, समकालीन पत्रे नेहमीच खरी असतात असे सुचवण्यासाठी. त्याबद्दल उताऱ्यात अवाक्षर नाही. चौथा सर्वांत लबाड: राजवाड्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची जी झाडाझडती घेतली तिचे समर्थन करण्यासाठी. अशी झाडाझडती घेतली गेली हे खरे, आणि इतिहासप्रेमी वाचकाला ते ठाऊक असण्याचा संभवही दाट. परंतु उताऱ्यात राजवाडे कोठेच नाहीत, आणि जे मजकुरात नाही ते या न्यायालयात दाखल करून घेतले जात नाही. पाचवा, काहीसा रुक्ष आणि अनाकर्षक शब्दांत, सांगतो की एक मान्य उणीव कबूल करून लेखक पुढे तीच वेगळ्या प्रकारच्या उपयोगाचा आधार बनवतो. बरोबर उत्तर हे. बरोबर उत्तरे बहुधा अशीच असतात. त्यांच्यात चमक नसते, पण त्यांतला एकही शब्द मजकुराच्या पलीकडे पाऊल टाकत नाही.

वाचताना काय करावे, याचे सार या नमुन्यात येऊन जाते. उताऱ्यात काय माहिती आहे यापेक्षा प्रत्येक वाक्य कोणते काम करते आहे याकडे लक्ष ठेवावे: हे वाक्य दुसऱ्याचे मत मांडते की लेखकाचे, हे कबुली देते की आक्षेप घेते, हे दाखला आहे की निष्कर्ष. इंग्रजीतले ‘ऑल्दो’, ‘नॉनदलेस’, ‘ऑस्टेन्सिबली’, ‘फार फ्रॉम’ हे शब्द शब्दसूचीत कोणी अधोरेखित करीत नाही, कारण ते अवघड वाटत नाहीत. उताऱ्यात मात्र सारी वळणे त्यांच्याच हाती असतात. आमच्या मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी कमी येते ही तक्रार पुष्कळ ऐकू येते, पण ज्याने घरी येणाऱ्या वृत्तपत्राचा अग्रलेख कधी शेवटपर्यंत वाचून त्याच्याशी मनातल्या मनात भांडण केले असेल, ज्याला ‘जरी-तरी’, ‘किंबहुना’, ‘असे असूनही’ यांच्या आधाराने चालणारे लांबलचक वाक्य मध्येच न सोडता पार करता येते, त्याच्यापाशी या परीक्षेचे अर्धे भांडवल आधीच जमा आहे. ते इंग्रजीत वटवायचे एवढेच काम उरते.

ते वटवण्याचा उपाय नित्याचे वाचन हाच. ‘इकॉनॉमिस्ट’, ‘सायंटिफिक अमेरिकन’, ‘न्यूयॉर्कर’ यांतील लेख परीक्षेच्या उताऱ्यांना वळणाने जवळचे. मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ गद्याच्या दृष्टीने नेहमीच सुखद नसले तरी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडून त्याला उत्तर देण्याची पद्धत शिकायला उत्तम आहे. दररोज एक लेख पुरे, पण तो असा वाचावा की प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून, त्या परिच्छेदाने काय केले, हे एका ओळीत मराठीत लिहावे. मराठीत लिहा असे मी मुद्दाम म्हणतो, कारण इंग्रजीत लिहू गेल्यास विद्यार्थी मूळ लेखातीलच शब्द इकडचे तिकडे करून टिपण सजवतो आणि न कळलेले झाकून जाते. मराठीत ते झाकता येत नाही. पहिले काही आठवडे हे काम अतिशय संथ चालेल. चालू द्यावे. क्लासवाले पहिल्याच दिवशी हाती घड्याळ देतात ते मला मान्य नाही. ज्याला सावकाश वाचून कळत नाही त्याला भराभर वाचून कसे कळणार?

आता शब्दांकडे वळू, कारण त्यांच्यावाचून सुटका नाहीच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त ज्या डॉ. जॉन्सनवर विस्ताराने लिहिले, त्या जॉन्सनच्या १७५५ सालच्या इंग्रजी कोशाचे एक वैशिष्ट्य असे की त्याने शब्दाचा अर्थ देऊन न थांबता, नामवंत लेखकांनी तो शब्द कसा वापरला याची अवतरणे त्याखाली दिली. शब्दाची खरी ओळख त्याच्या वापरातूनच होते, ही जाण त्या पद्धतीमागे आहे, आणि यादीत नेमके तेच गळालेले असते. ‘सॅन्क्शन’ हा शब्द घ्या. आपल्या कचेऱ्यांत त्याचा अर्थ मंजुरी. रकमेचे सॅन्क्शन आले की नाही, अशी चौकशी शिपायापासून साहेबापर्यंत सर्व करतात. परीक्षेतील उताऱ्यात तोच शब्द दंड किंवा बंदी या अगदी उलट अर्थाने येऊ शकतो. ‘क्वॉलिफाय’ म्हणजे पात्र ठरणे हे सर्वांना माहीत, पण लेखक आपले विधान ‘क्वॉलिफाय’ करतो तेव्हा तो त्याला मर्यादा घालीत असतो; ‘चेक’ म्हणजे तपासणे तसे आवर घालणेही. अपरिचित शब्दापेक्षा असा परिचित शब्दच अधिक घात करतो, कारण त्याच्याबद्दल आपल्याला शंकाही येत नाही. उपसर्ग आणि धातू यांवरून अर्थ काढण्याची युक्ती संस्कृत शिकलेल्याला आवडेल, कारण ‘सु’ आणि ‘दुः’ यांच्या जोडीने जे काम होते तेच लॅटिनातून आलेल्या ‘बेनि’ आणि ‘मॅल’ यांनी होते. ही युक्ती आठवणीला आधार म्हणून चांगली, पण अज्ञात शब्दाचा अर्थ ठरवायला धोक्याची. ‘एनर्व्हेट’ ऐकून ऊर्जा देणे असे वाटते, अर्थ आहे दुर्बल करणे. ‘नॉइसम’चा गोंगाटाशी संबंध नाही, तो दुर्गंधाशी आहे.

शब्द लक्षात ठेवण्याबाबत मात्र मानसशास्त्राने बऱ्यापैकी निश्चित मार्गदर्शन केलेले आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वतःवरच केलेले प्रयोग नोंदवले आहेत. निरर्थक अक्षरगटांच्या माळा पाठ करायच्या आणि ठरावीक मुदतीने त्यांतले किती टिकले ते मोजायचे, असा हा चिवट उद्योग. त्यातून विस्मरण आरंभी झपाट्याने आणि पुढे मंदगतीने होते हे तर दिसलेच, पण आणखी एक गोष्ट निघाली. एकाच दिवशी सलग ६८ आवर्तने करून जो परिणाम साधत होता, तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधला. दुसरा पुरावा अलीकडचा. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुनःपुन्हा वाचायला लावला आणि दुसऱ्याला एकदा वाचून मग आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनंतर पाहिले तर पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. घोकंपट्टी करणाऱ्याला आपला अभ्यास उत्तम चालला आहे असे प्रामाणिकपणे का वाटते, आणि परीक्षेच्या दिवशी तोच अभ्यास कोठे जातो, याचा यापेक्षा चांगला खुलासा माझ्या वाचनात नाही.

यातून निघणारी व्यवहारी रीत साधी आहे. वाचनात भेटलेला शब्द त्याच्या वाक्यासह एका कार्डावर उतरवावा, अर्थ मागच्या बाजूला लिहावा, आणि मागची बाजू पाहण्यापूर्वी तो स्वतःला विचारावा. सेबास्टियान लाइटनर या लेखकाने १९७२ साली सुचवलेल्या पद्धतीप्रमाणे कार्डांची पेटी कप्प्यांत विभागता येते: आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि त्याची फेरतपासणी लांबणीवर पडते, चुकलेले पुन्हा पहिल्या कप्प्यात येऊन रोज हजेरी देते. मोबाइलवरच्या ‘अँकी’सारख्या साधनांमागेही हेच सूत्र आहे, आणि ज्याला कागद सांभाळण्याचा कंटाळा आहे त्याने ते खुशाल वापरावे, मात्र दुसऱ्याने तयार केलेली कार्डे उतरवून घेणे म्हणजे अप्पा बळवंत चौकातले तेच पुस्तक खिशात बाळगणे होय. दिवसाला दहा-बारा नवे शब्द मला पुष्कळ वाटतात.

सरावाच्या प्रश्नांबद्दल माझा आग्रह असा की ते ई. टी. एस.ने स्वतः प्रसिद्ध केलेलेच असावेत. गणिताचे प्रश्न कोणीही बरे तयार करू शकतो. परंतु चार पर्याय निर्विवादपणे चूक आणि एकच निर्विवादपणे बरोबर ठरेल असा भाषेचा प्रश्न रचणे अतिशय कठीण असते, आणि बाजारातल्या पुष्कळशा पुस्तकांत बरोबर ठरवलेल्या उत्तराबद्दल जाणत्या वाचकालाही वाद घालावासा वाटतो. अशा सरावाने मजकुराला चिकटून राहण्याची जी सवय लावायची, नेमकी तीच मोडते. संस्थेच्या ‘पॉवरप्रेप’ या नावाच्या दोन पूर्ण सराव-परीक्षा विनामूल्य मिळतात. त्या पहिल्याच आठवड्यात उत्सुकतेपोटी उधळून न टाकता एक मध्यावर आणि एक अखेरीस अशी राखून ठेवावी. आणि सोडवलेल्या प्रत्येक संचानंतर, सोडवण्यास लागला त्याहून अधिक वेळ, चुकांची रुजवात घालण्यास द्यावा. त्यासाठी निराळी नोंदवही करावी आणि तीत ‘शब्द येत नव्हता’ असा मोघम शेरा न मारता, चुकीचा पर्याय का निवडला याचे कारण लिहावे: ‘तरी’ नजरेतून सुटला, लेखकाचे मत आणि त्याने उद्धृत केलेले मत यांची गल्लत झाली, पर्याय सत्य होता पण उताऱ्यात नव्हता. महिन्याभराच्या नोंदी एकत्र पाहिल्या की बहुतेकांच्या चुका दोन-तीन ठरावीक जातींच्याच निघतात, आणि त्या जाती प्रत्येकाच्या निरनिराळ्या असतात. म्हणूनच सर्वांना एकच औषध देणाऱ्या वर्गात बसून त्या क्वचितच सुधारतात.

घड्याळ आणायचे ते एवढे झाल्यावर. ४१ मिनिटांत २७ प्रश्न म्हणजे प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. रिकाम्या जागांचे प्रश्न त्याहून कमी वेळात उरकले तर उताऱ्यांसाठी सवड राहते. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जाण्याची आणि त्याच खंडात मागे परतण्याची मुभा संगणक देतो, तिचा उपयोग करण्याचाही सराव हवा, नाहीतर अभिमानाने एकाच प्रश्नाशी झुंजत बसण्याची खोड जात नाही. उतारा पडद्यावर असतो, पेन्सिलीने त्याखाली रेघ ओढता येत नाही, हे कागदावर सराव केलेल्यांना प्रत्यक्ष परीक्षेत पहिल्यांदा उमगते. तेव्हा अखेरचे काही आठवडे तरी सारे वाचन पडद्यावरच करावे.

मुदतीचा अंदाज द्यायचा तर, मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजी वाचनाची फारशी सवय नसलेल्या विद्यार्थ्याने चार महिने धरावेत, त्यांतला पहिला निव्वळ वाचनाचा. ज्याचे वाचन चालू आहे त्याला दोन पुरतील. मात्र शुल्क भरण्यापूर्वी, ज्या विभागांकडे अर्ज करायचे आहेत त्यांची यादी करून प्रत्येकाचे नियम पाहावेत, कारण अलीकडच्या वर्षांत कित्येक विद्यापीठांच्या विभागांनी ही परीक्षा ऐच्छिक केली आहे, काहींनी ती विचारातच घ्यायचे सोडले आहे, आणि काही पुन्हा तिच्याकडे वळले आहेत; एकाच विद्यापीठात संगणकशास्त्राचा शिरस्ता एक आणि अर्थशास्त्राचा दुसरा असेही आढळते. मिळालेले गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात, आणि मनाजोगते न आल्यास २१ दिवसांच्या अंतराने पुन्हा बसता येते, बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा; कोणत्या वेळचे गुण विद्यापीठाकडे पाठवायचे याची निवडही उमेदवाराच्या हाती असते. पुन्हा बसायचे ठरल्यास ते २१ दिवस नव्या यादीत न घालवता नोंदवहीतल्या सर्वांत मोठ्या जातीच्या चुका काढाव्यात, आणि ते उतारे, उत्तरे ठाऊक असली तरी, प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्या शब्दामुळे चूक ठरतो ते लिहीत पुन्हा सोडवावेत.